पसरणी उतरणारी फियाट

सातारा जिल्ह्यात कुठल्याही दिशेला गाडी काढा, फार वेळ न जाता घाट आडवा येतो. पुण्याकडे खंबाटकी, पाचगणीला जाताना पसरणी, मेढ्यावरून महाबळेश्वर गाठायचं तर केळघर, कासला यवतेश्वर, पाटणहून चिपळूणला उतरायचं तर कुंभार्ली. त्यामुळे इथल्या गॅरेजात येणाऱ्या तक्रारींत ब्रेकची तक्रार पहिली. चढाला गाडी दमली तर बाजूला घेता येते, बॉनेट उघडून रेडिएटर गार करता येतो, माणसं उतरून धक्का देतात. उताराला दमली तर यातलं काहीच करता येत नाही.

माझे वस्ताद फियाटवर वाढलेले. वाईत त्यांचं गॅरेज होतं. मी त्यांच्या हाताखाली होतो तेव्हा मे महिन्यात मुंबईकरांच्या फियाटींची रीघ लागायची. पाचगणी-महाबळेश्वर करून घाट उतरलेली गाडी आत आली की चाकाजवळ जायच्या आधीच जळक्या लायनरचा वास यायचा. वस्ताद ड्रमवर पाण्याचा थेंब टाकून बघायचे. थेंब चुर्रकन उडाला की म्हणायचे, "आजून हात लावू नको. त्याला निवू दे." गाडीवाला घाईत असायचा, मुलं कंटाळलेली असायची, तरी वस्ताद चहा मागवायचे आणि थांबायचे. तापलेल्या ड्रमवर बादली ओतून काम उरकणारे लोक तेव्हाही होते. ओतीव लोखंडाला असा एकदम गारवा दिला की त्याला बारीक तडे जातात, आणि ते तडे पुढच्या घाटात वाढतात. मी आज साताऱ्यात स्वतःचं गॅरेज चालवतो आणि ड्रम निवेपर्यंत थांबायचा तोच नियम पाळतो.

ज्या गाडीबद्दल लिहितोय ती सांगलीची. साठच्या दशकातली फियाट डिलाइट, मालकांच्या वडिलांनी घेतलेली. मालक इंजिनिअरिंगचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेले. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही सरच म्हणतो. लहानपणी दर उन्हाळ्यात वडील सगळ्यांना घेऊन याच गाडीतून पाचगणीला जायचे. आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा, वाई, असा रस्ता. वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. सरांनी इंजिन करून घेतलं, रंग करून घेतला, काकूंना घेऊन पाचगणीला गेले. जाताना काही झालं नाही. येताना पसरणीच्या निम्म्यात पेडल खाली जायला लागलं. एकदा दाबून काम होईना, दोनदा दाबावं लागलं. सरांनी दुसरा गिअर टाकला, अगदी कडेला लावून गाडी थांबवली आणि तासभर धोम धरणाच्या पाण्याकडे बघत बसले. वाईत उतरल्यावर कुणीतरी माझं नाव सांगितलं.

"मिस्त्री, मला ही गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "हिला दर वर्षी पसरणी चढायची आणि उतरायची आहे. काय करायचं ते सांगा."

फियाट आपलीच म्हणायची इतकी सवय झाली आहे की ती इटालियन गाडी आहे हे आठवून घ्यावं लागतं. १९३७ साली दान्ते जिआकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तुरीनला पहिली ११०० तयार झाली आणि १९५३ मध्ये तिचं नवं रूप आलं. पाठोपाठ तिची चपळ आवृत्तीही निघाली, 'तुरिस्मो वेलोचे'. ती मिले मिलियाच्या शर्यतीत इटलीच्या डोंगररस्त्यांवर धावली. आपल्याकडे गाडी आली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीमुळे. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४ मध्ये डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. सांगलीच्या कॉलेजला १९५५ पासून याच वालचंदांचं नाव आहे. ते स्वतः त्याआधी दोन वर्षं वारले होते. सरांना या योगायोगाचं फार अप्रूप आहे, आणि मला वाटतं ते रास्त आहे. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात माणूस बलाचे आणि उष्णतेचे हिशोब शिकला, त्यांच्याच कारखान्याच्या गाडीवर ते हिशोब वापरायची वेळ आली.

१०८९ सीसीचं ते छोटं इंजिन भलतंच जिवट. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर जी शर्यत भरायची तिथे ट्यून केलेल्या फियाटी वर्षानुवर्षे धावल्या. घरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्यात तेव्हा फार अंतर नव्हतं. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, हेड यांवर पोरं जीव टाकायची. ब्रेककडे मात्र कमी लोकांचं लक्ष जायचं, आणि यात आपली पोरं एकटी नव्हती. ड्रमच्या जागी डिस्क लावलेली जॅग्वार १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तरी फेरारीने आपल्या शर्यतीच्या गाड्यांना डिस्क लावायला १९५८ उजाडावं लागलं. खुद्द फियाटने १९६६ मध्ये इटलीतल्या '११०० आर'ला पुढच्या चाकांना डिस्क दिली. आपल्याकडे डिलाइट आणि पुढची पद्मिनी वर्षानुवर्षे चारही चाकांना ड्रम घेऊनच घाट उतरत राहिल्या. म्हणजे सरांच्या गाडीला मी जे करणार होतो ते तुरीनमध्ये त्याच गाडीच्या धाकट्या बहिणीला कंपनीनेच करून दिलं होतं. या एका गोष्टीमुळे माझ्या मनातला संकोच गेला.

कारण संकोच होता. सरांच्या ओळखीच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने त्यांना बजावलं होतं, की मूळ गाडीत काही बदलू नका, किंमत जाते. किंमत जाते हे खरंच आहे. शिवाय २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारचे वेगळे नियम आले. त्यात नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. म्हणून मी सरांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाडीच्या मूळ भागाला कुठेही वेल्डिंग होणार नाही, नवीन भोक पडणार नाही, काही कापलं जाणार नाही. जे लावायचं ते कंपनीच्या मूळ बोल्टच्या जागीच बसेल. दोन, काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून पेटीत राहील. उद्या कुणाला गाडी पूर्ववत करायची असेल तर पाना आणि एक दिवस पुरेल. सर म्हणाले, "एवढं जमलं तर माझी काही तक्रार नाही."

मूळपणाचा आग्रह मला कळतो. ज्या गाडीत कुणी पुन्हा माणसं बसवून घाटात जाणार नाही तिचा खिळाही हलवू नये, असं माझंही मत आहे. पण मागच्या सीटवर नातवंडं बसणार असतील तर ब्रेक आधी, बाकी सगळं नंतर. यावर मी वाद घालत नाही.

सरांनी एका दुपारी माझ्या टेबलावर वही उघडून हिशोब मांडला. चार माणसं आणि सामान धरून गाडी बाराशे किलो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ. फरक पाचशे सत्तर मीटर धरला. एवढ्या उंचीवरून बाराशे किलो खाली आणताना जी ऊर्जा सुटते, ती ताशी साठच्या वेगाने जाणारी तीच गाडी चाळीस वेळा पूर्ण थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेइतकी. यातला काही भाग इंजिन खातं, काही टायर आणि वारा. गिअरात उतरणारा ड्रायव्हर बराच भाग इंजिनवर टाकतो. उरलेलं सगळं ब्रेकच्या वाट्याला, आणि तेही बारा-एक किलोमीटरमध्ये, वळणावळणाला, निवायला उसंत न देता.

मी आयुष्यभर हातांनी जे ओळखत आलो ते असं आकड्यात समोर आलं तेव्हा फार बरं वाटलं. ड्रम वाईट नाही. एकदा थांबायचं तर ड्रम उत्तम थांबवतो. शू ज्या दिशेने दाबला जातो त्याच दिशेला चाक फिरत असेल तर चाक स्वतःच शूला आत ओढून घेतं, पायाला थोडं काम करावं लागतं. घाटातली अडचण वेगळी आहे. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. पेडल खाली जातं ते त्यामुळे. लायनर जास्त तापलं की त्याची पकड सुटते. आणि शू, लायनर सगळं बंद डब्यात असल्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट नाही. डिस्क तापली तर जाड होते, पॅडच्या जवळ येते, आणि ती उघड्या वाऱ्यात फिरत असते. आमच्या घाटांना हा एवढाच फरक हवा आहे.

चाकं काढली तेव्हा पुढच्या ड्रमची अवस्था पाहून सर गप्प झाले. आतल्या कडेला निळसर झाक आली होती, नखाला लागतील असे बारीक तडे होते. व्हर्नियर लावला तर ड्रम टर्न करून करून पातळ झालेला. टर्निंग केलेला ड्रम गुळगुळीत दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, पण लोखंड जितकं कमी तितकी उष्णता साठवायची ताकद कमी आणि फुगण्याची घाई जास्त. कुठल्या गॅरेजांत हे झालं ते विचारण्यात अर्थ नव्हता. वर्षानुवर्षे थोडं थोडं होत आलेलं होतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती गाडीपेक्षा माणसाची आहे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. आमच्या धंद्यात ड्रम उघडला की हवेचा पाइप मारून भुकटी उडवायची पद्धत होती, ती करडी धूळ सगळ्या गॅरेजभर बसायची, आम्ही त्यातच डबा खायचो. ॲसबेस्टॉसचे धागे फुप्फुसात अडकले की बाहेर येत नाहीत आणि रोग दिसायला कित्येक वर्षं लागतात. माझ्या गॅरेजात आता जुन्या ड्रमवर हवा मारायची नाही. पाण्यात साबण घालून ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधायचं, तोंडाला चांगला मास्क. पोरं कधीकधी कंटाळतात. मी त्यांना पुन्हा सांगतो, आणि सांगतच राहीन.

डिस्क आणि कॅलिपर कुठल्या गाडीचे घ्यायचे यावर सरांचं आणि माझं लगेच एकमत झालं. इटलीतून ११०० आरचे मूळ भाग मागवता येतात, पण उद्या विट्याजवळ पॅड संपले तर काय? म्हणून छोट्या मारुतीचे घेतले. त्याचे पॅड, सील किट, निपल तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. गाडी ज्या मुलखात चालते त्या मुलखातल्या दुकानांत मिळेल तेच लावावं, हे मी वस्तादांकडून घेतलं. अर्थात मारुतीचे भाग फियाटच्या हबवर आपोआप बसत नाहीत. डिस्कला फियाटच्या मापाची भोकं जिगमध्ये धरून पाडावी लागतात, आणि मुख्य म्हणजे कॅलिपर धरणारा ब्रॅकेट नव्याने बनवावा लागतो. त्यासाठी मिरजेला गेलो.

सांगली-मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत गेलात तर कळतं की या भागाच्या हातात लोखंड किती मुरलेलं आहे. ते एका दिवसात मुरलेलं नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला आणि तिथून लोखंडी नांगर निघाले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सुरू केलेला कारखानाही नांगरांपासून वाढला, पुढे डिझेल इंजिनांपर्यंत गेला. पलीकडे कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. ब्रेकचा ड्रम काय, डिस्क काय, दोन्ही याच करड्या ओतीव लोखंडाचे. त्या लोखंडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि ते पापुद्रे उष्णता झपाट्याने वाहून नेतात, म्हणून इतक्या वर्षांत साध्या गाडीसाठी याहून चांगला माल कुणाला सापडला नाही.

मिरजेच्या त्या वर्कशॉपात मालक स्वतः ओतकामातून वर आलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला होता. म्हटलं, अण्णा, याचा पॅटर्न करून दोन ओतून द्या. अण्णांनी पुठ्ठा हातात फिरवला. म्हणाले, "ओतीव नको."

"का?"

"डिस्क ओतीव चालती. तिच्यावर दाब येतो. ह्याच्यावर ताण येणार, हिसका बसणार. ओतीव लोखंड दाब सोसतं, हिसका न्हाई सोसत. वाकणार न्हाई, एकदम तुटंल. जाड प्लेट घ्या, त्यातनं काढून देतो."

आपल्या फाउंड्रीचं काम नाकारून गिऱ्हाइकाला लोखंडाच्या प्लेटकडे पाठवणारा माणूस मला तिथे भेटला. सर बाजूला उभे होते, त्यांनी नंतर गाडीत बसल्यावर सांगितलं की हा धडा ते वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. अण्णांनी प्लेट कापून, मिलिंग करून, आतल्या कोपऱ्यांना गोलाई देऊन ब्रॅकेट दिले. कोपरा धारदार ठेवला तर तडा तिथूनच सुरू होतो. भोकं फियाटच्या जुन्या बॅकप्लेटच्या भोकांवर तंतोतंत बसली. बोल्ट १०.९ ग्रेडचे घेतले, त्यांच्या डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो, तो बघितल्याशिवाय मी ब्रेकच्या कामाला बोल्ट घेत नाही.

हब बसवल्यावर डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवली. काटा एका जागी जरा जास्त हलला. डिस्क हबवर दुसऱ्या भोकावर फिरवून लावली, पुन्हा पाहिलं, काटा ०.१ मिलिमीटरच्या आत आला. इतकं बारीक बघायचं कारण हे की डिस्क थोडी जरी डोलली तरी प्रत्येक फेरीला पॅडना मागे ढकलते. मग पुढच्या वेळी पेडल दाबलं की पहिला अर्धा प्रवास पॅड जवळ आणण्यातच जातो. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून, गाडी जॅकवर लटकती ठेवून होज कुठे ताणतोय का, टायरला घासतोय का, ते पाहिलं. हे काम गाडी जमिनीवर उभी असताना करून चालत नाही.

कठीण भाग पुढे होता, आणि तो चाकात नव्हता. डिस्क लावली म्हणजे ब्रेक जोरदार झाला असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चाकाने शू आत ओढून घेण्याची जी फुकटची मदत ड्रममध्ये मिळते ती डिस्कमध्ये मिळत नाही. त्यामुळे त्याच पायाच्या दाबाला पुढचा ब्रेक कमी लागू शकतो, आणि मागचे ड्रम मात्र पूर्वीइतकेच धरतात. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते. पसरणीच्या वळणावर गाडी फिरणं म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय सरांच्या गाडीत जुना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. तो बदलून दोन सर्किटचा घेतला, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय उचलल्यावरही पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवा. डिस्कला तो राहिला तर पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात आणि तापतात. पुढच्या लाइनचा तो व्हॉल्व्ह काढला, मागचा ठेवला. मागच्या चाकांना लहान मापाचे व्हील सिलिंडर बसवले, म्हणजे तिथला जोर उतरला.

बूस्टरवरून आमची बरीच चर्चा झाली. सरांचं वय सत्तरीपुढे, गुडघा दुखतो. बूस्टर लावला तर पेडल हलकं होतं. पण बूस्टर चालतो इंजिनच्या व्हॅक्यूमवर, आणि आपल्याकडे पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत मदत मिळते, पुढे पेडल दगडासारखं होतं. सर तसं करणार नाहीत, पण गाडी उद्या आणखी कुणी चालवेल. शेवटी बूस्टर न लावता मास्टर सिलिंडर जरा लहान व्यासाचा घेतला. त्याने दाब वाढतो आणि पेडलचा प्रवासही वाढतो, एकाशिवाय दुसरं मिळत नाही. सरांनी बसून पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या पायाला झेपतंय."

ब्रेक ऑइलमधली हवा काढताना कॅलिपरचं निपल वरच्या बाजूला आहे ना, हे आधी बघायचं. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतं, आणि हवा वर अडकून बसते. दिवसभर पेडल मारा, ती निघत नाही. सर आत बसले, मी चाकाजवळ. "दाबा... धरा... सोडू नका... हां, सोडा." पाइपमधून बुडबुडे येत गेले, मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं. ऑइल डॉट ४ घातलं. नवीन असताना ते निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषला की हाच आकडा १५५ पर्यंत उतरतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल ओलावा शोषणारच. ते उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट फळीला टेकतं. लायनर, पॅड, डिस्क सगळं नवंकोरं असूनही. म्हणून सरांच्या गाडीच्या बॉनेटखाली मी तारखेची चिठ्ठी लावली आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, पावसाळा संपल्यावर.

पहिली चाचणी कोरेगाव रस्त्याच्या सपाट तुकड्यावर, पहाटे. पन्नासवरून पंधरापर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं अंतर चालवून डिस्क निवू द्यायची, पुन्हा तेच. पॅड असे बसवून घ्यावे लागतात. मग रस्ता थोडा ओला असताना जोरात ब्रेक मारून पाहिला. चारही टायरना खडूने रेघा ओढल्या होत्या, माझा पोरगा बाहेर उभा राहून कुठलं चाक आधी जाम होतं ते बघत होता. पुढची आधी अडखळली, मागची फिरत राहिली. मला हेच हवं होतं. त्यानंतर यवतेश्वर, आणि तिथे काही खटकलं नाही म्हणून पसरणी.

पाचगणीहून निघताना सर चालवत होते, मी शेजारी. दुसऱ्या गिअरात उतरायचं ठरलं होतं. मला पेडलचा आवाज नाही, पायाची उंची बघायची होती. सरांचा बूट पहिल्या वळणाला जिथे होता तिथेच शेवटच्या वळणाला होता. मध्ये एक एसटी समोरून आली, वळण अरुंद, सरांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. एसटी गेल्यावर सर काही बोलले नाहीत, फक्त काच थोडी खाली केली. वाईत उतरून चाकाला हात जवळ नेला. डिस्क तापलेली होती, भरपूर तापलेली होती, पण जळका वास नव्हता.

काकूंनी वाईतल्या एका दुकानात सगळ्यांना पेढे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन ते पाचगणीला जाऊन आले.

या कामाची बातमी सांगली-मिरजेत पसरली आणि पद्मिनी घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनाही डिस्क हवी होती. गाडी कुठे जाते विचारलं तर घर, बाजार, सांगलीचं गणपती मंदिर, कधी तासगाव. सगळा सपाट मुलूख. मी चारही ड्रम उघडले. ड्रम जाड होते, तडा नव्हता, मापात होते. ऊस हंगामात आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अंधारात अचानक पुढे येतो, तिथे सपाटीवरही जोरात थांबावं लागतं, पण ते एकदाच. एकदा थांबायला चांगले ड्रम पुरेसे आहेत. मी त्यांना सांगितलं, डिस्क नको, नवे लायनर घाला, चारही चाकांचे कप बदला, होज बदला, ऑइल बदला, शू नीट ॲडजस्ट करून देतो.

त्यांचा जरा हिरमोड झाला. म्हणाले, "पण सरांच्या गाडीला तर तुम्ही..."

"सर पसरणी उतरतात," मी म्हटलं. "तुम्ही उतरणार असाल तर आधी गाडी माझ्याकडे आणा, मग बघू."

मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर थोडा पाझरत होता. तो बदलला, आणि संध्याकाळी ते गाडी घेऊन मिरजेला गेले.